दर जूनमध्ये पिवळा पडणारा सॉल्टबुश : आधी खिडकी, मग पाणी, मीठ सगळ्यात शेवटी

तक्रार एकच, आणि ती दर वर्षी ठरल्या महिन्यात येते. एप्रिलपर्यंत कुंडीतला सॉल्टबुश, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं खारट, राखाडी पानांचं झुडूप, चांदीचा वर्ख लावल्यासारखा दिसतो. मे संपता संपता खालची पानं पिवळी पडायला लागतात, जूनमध्ये टपाटप गळतात. शेंड्याला नवी पानं येतात, पण ती हिरवी, मऊ आणि एकमेकांपासून लांब लांब. जुलैत झाड म्हणजे खाली उघड्या काड्या आणि वर काचेकडं माना वळवलेले दोन-चार शेंडे. सप्टेंबरात जरा सावरतं. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमधल्या आमच्या भाड्याच्या युनिटमध्ये हे सलग दोन हिवाळे (इथं जून-जुलै म्हणजे हिवाळा) झालं, तिसऱ्या हिवाळ्यात थांबलं. मधल्या काळात मी काय काय चुकीचं केलं तेही लिहिते, कारण या झाडाच्या नावातच मीठ असल्यामुळं ज्याला विचारावं तो मिठाबद्दलच बोलतो. माझ्या झाडाच्या आजारपणाचा मिठाशी काडीचा संबंध नव्हता.

हे झाड म्हणजे ओल्ड मॅन सॉल्टबुश, शास्त्रीय नाव अॅट्रिप्लेक्स नुम्युलारिया. नुम्युलारिया म्हणजे छोट्या नाण्यासारखं. पानं खरंच जुन्या चार आण्यांसारखी गोलसर असतात. कुळ आपल्या ओळखीचं : चाकवत, पालक, बीट, राजगिरा ही सगळी भावकी. इथल्या पोर्ट ऑगस्टा गावाच्या पुढं उत्तरेकडं गाडी काढली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी राखाडी झुडपं मैलोन् मैल दिसतात. मोकळ्यावर हे माणसाच्या डोक्यावर जातं, मुळं खोल सोडतं, अगदी कमी पावसावर जगतं आणि मेंढ्या त्यावर पोसतात. अशा झाडाला आपण वीस सेंटिमीटरच्या कुंडीत घालून स्वयंपाकघरात ठेवतो आणि ते रुसलं की नवल करतो. माझं स्पष्ट मत सांगते : हे घरातलं झाड नाही. ज्यांच्याकडं उन्हाची बाल्कनी किंवा अंगण आहे त्यांनी कुंडी आजच बाहेर ठेवावी आणि पुढचं वाचूही नये. थंडीची काळजी नको, रात्रीचं हलकं हिमही ते सोसतं. आमची बाल्कनी दक्षिणेची. हिवाळ्यात तिथं उन्हाचा कवडसाही येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिला हिवाळा : दिशाच उलटी

आई अकोल्याहून व्हिडिओ कॉलवर झाड बघत होती. तिनं निदान केलं, "पोरी, कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेव. थंडीत ऊन तिकूनच येते." तिचं काही चुकलं नव्हतं. अकोल्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४६ अंशांवर असतो आणि आमच्या घराच्या दक्षिणेच्या ओट्यावर दिवसभर ऊन पडतं. पापड, शेवया, आजीची गोधडी, सगळं तिथंच वाळायचं. मीही लहानपणापासून तेच पाहिलेलं, त्यामुळं विचार न करता कुंडी दक्षिणेच्या खिडकीत गेली.

अॅडलेड विषुववृत्ताच्या खाली ३५ अंशांवर आहे. इथं सूर्य उत्तरेच्या आकाशातून जातो. जूनमध्ये भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, दिवस दहा तासांहून लहान असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला त्या महिन्यात थेट ऊन एक मिनिटही मिळत नाही. हे मला शाळेच्या भूगोलात माहीत होतं. घरात कुंडी ठेवताना माहीत नव्हतं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उत्तरेले सूर्य? काय सांगून राह्यली वं!"

ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरात ही चूक मी नंतर कितीदा तरी पाहिली. तुळससुद्धा बिचारी दक्षिणेच्या खिडकीत कुढत असते. तुमचा सॉल्टबुश हिवाळ्यात पिवळा पडत असेल तर सगळ्यात आधी दुपारी बारा-साडेबाराला कुंडीजवळ उभं राहा आणि पानांची स्पष्ट कडा असलेली सावली पडते का ते बघा. सावली पडत नसेल किंवा नुसती धूसर पडत असेल, तर निम्मं निदान झालं.

सावलीवर विश्वास बसत नसेल तर फोनमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजणारं अॅप घ्या. आकडे अचूक नसतात, पण तुलनेला पुरतात. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतो. खिडकीच्या आत, थेट ऊन नसताना, काही हजार. खोलीच्या मध्यावर, जिथं आपल्याला "छान उजेड" वाटतो, तिथं काही शे. आपला डोळा फार लवकर जुळवून घेतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. झाडाला जाणवतो. सॉल्टबुश ऊन वापरतो ते ऊस, मका, ज्वारी वापरतात त्या पद्धतीनं, ज्याला वनस्पतिशास्त्रात सी-४ म्हणतात. कडक उन्हात ही पद्धत जोरात चालते, अंधूक उजेडात तिचा फायदा उरत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ज्वारी पेरली तर तिचं जे होईल तेच याचं होतं.

त्यात आपण हीटर लावतो. बाहेर ८ ते १५ अंश, घरात २१. ऊब असली की झाड वाढायचं थांबत नाही, आणि उजेड नसला की वाढ पातळ, लांबट होते. खालच्या पानांतलं जे काही आहे ते ओढून शेंड्याला पुरवलं जातं. मग खालची पानं पिवळी पडून गळतात. म्हणजे गळणारी पानं हे दुखणं नाही, ती झाडानं केलेली काटकसर आहे. हे कळेपर्यंत मी दोनदा खत घातलं होतं, त्यामुळं लांबट फांद्या अजून लांबट झाल्या. हिवाळ्यात घरातल्या सॉल्टबुशला खत देऊ नका. एरवीही फारसं लागत नाही.

दुसरा हिवाळा : खिडकी बरोबर, तरी पानं पिवळी

पुढच्या वर्षी मे लागताच कुंडी उत्तरेच्या, सिंकवरच्या खिडकीत आणली. जून बरा गेला. जुलैत पुन्हा पिवळेपणा, पण या वेळी जात वेगळी होती, आणि तो फरक लक्षात यायला मला तीन आठवडे लागले.

उजेड कमी असला की पिवळेपणा खालून सुरू होतो, एकेक पान जातं, शेंडा मात्र ताठ असतो. या वेळी वरची पानंही मलूल होती. झाड तहानल्यासारखं वाकलं होतं. मी पाणी घातलं. अजून वाकलं. मी अजून घातलं. शेवटी कुंडी उचलली तर ती दगडासारखी जड, आणि मातीवरून चिलटं उडाली.

इथं तपासायची गोष्ट सोपी आहे. मान टाकलेलं झाड आणि हलकी कुंडी म्हणजे तहान. मान टाकलेलं झाड आणि जड कुंडी म्हणजे मुळं कुजतायत. ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड ओल्यात उभं राहून तहानेनं मरतं. चिलटं दिसली तर माती कायम ओली आहे हे गृहीत धरा. झाड बाहेर काढून मुळं बघा : निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं, कुजलेलं तपकिरी, चिकट, बोटात धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो. वासही येतो, तुंबलेल्या मोरीचा.

माझ्या घरी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. कुंडी प्लॅस्टिकची, ती ठेवलेली बाहेरच्या चिनी मातीच्या सुंदर भांड्यात, आणि त्या भांड्याला खाली भोकच नाही. निथळलेलं पाणी तळाशी साचत होतं आणि मी वरून बघत होते की माती कोरडी दिसते. त्यात झाड सिंकवर, म्हणजे येता-जाता कुणीही उरलेल्या ग्लासातलं पाणी त्यात ओततंय. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तू घालत नाहीस." आम्ही दोघंही घालत होतो.

आमच्या भागाबद्दल एक गोष्ट इथं आठवते. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेच्या खोऱ्यातला टापू म्हणजे खारपाणपट्टा. आजोळच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की चहा नासायचा. पण शेतकऱ्याला नुसतं खारं पाणीच नडत नाही. ती काळी, चिकण जमीन पावसात पाणी धरून बसते, निचरा होत नाही, आणि पिकं पिवळी पडतात. मामा म्हणायचे, "पान्यानं नाही, साचल्या पान्यानं मारलं." सॉल्टबुशला मीठ चालतं, कोरड चालते, रखरखाट चालतो. मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्यालाही चालत नाही.

मुळं कुजली असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीनं कापून टाका, वरच्या फांद्याही तेवढ्याच कमी करा आणि नव्या, कोरडसर मिश्रणात लावा. मी नेहमीचं पॉटिंग मिक्स (कुंडीत भरायचं तयार मिश्रण) निम्मं आणि जाड वाळू व परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) मिळून निम्मं घेते. कुंडी भाजलेल्या मातीची, भोकाची, आणि रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली. उंची कशासाठी, तर कुठल्याही मिश्रणात निथळून झाल्यावरही तळाशी काही सेंटिमीटरचा थर ओलाच राहतो. उंच कुंडीत मुळांना त्याच्यावर भरपूर जागा मिळते, उथळ कुंडीत सगळी मुळं त्या थरातच. याच कारणासाठी तळाला खडे घालायची आपली जुनी सवय सोडा. खड्यांमुळं निचरा वाढत नाही. ओला थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा उलट कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

मोठी कुंडी देऊन उपकार करू नका. मुळांचा गोळा बोटभर मोकळा बसेल एवढीच घ्या.

आणि पॉटिंग मिक्सचं पोतं घरात फोडू नका. फोडताना तोंड पोत्यापासून लांब ठेवा, मास्क लावा, मिश्रण जरा ओलं करून घ्या, नंतर हात धुवा. पोत्यावरची ती सूचना नुसती छापायची म्हणून छापलेली नाही. लीजनेला लाँगबीची नावाच्या जिवाणूमुळं होणाऱ्या न्यूमोनियाचा पॉटिंग मिक्सशी असलेला संबंध १९८८-८९ मध्ये इथं दक्षिण ऑस्ट्रेलियातच आलेल्या साथीत उघड झाला होता.

पाणी किती घालायचं याचं वेळापत्रक मी देत नाही, कारण वेळापत्रकानंच माझं झाड मारत आणलं होतं. कुंडी उचलायची. कोरडी असताना तिचं वजन हाताला एकदा कळलं की पुरतं. शंका असेल तर केक झाला का ते बघायला खुपसतो तशी लांब काडी तळापर्यंत खुपसायची. ओलसर, माती चिकटलेली निघाली तर थांबायचं. घालायचं तेव्हा सिंकमध्ये नेऊन खालून वाहीपर्यंत घालायचं, पूर्ण निथळू द्यायचं, मगच जागेवर. माझ्याकडं हे हिवाळ्यात अडीच-तीन आठवड्यांतून एकदा होतं, जानेवारीत चार-पाच दिवसांनी. तुमच्याकडं वेगळं असेल. आणि घरात एकाच माणसानं पाणी घालायचं.

मिठाचं काय?

पहिल्या हिवाळ्यात मी चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवून घातलं होतं, ते कबूल करते. कारण वाचलं होतं की सॉल्टबुशला सोडियम लागतं. ते खरंही आहे, आणि गंमत म्हणजे ते याच शहरात सापडलं. अॅडलेड विद्यापीठात ब्राउनेल आणि वुड यांनी १९५७ मध्ये दाखवलं की याच्या जवळच्या भावंडाला, अॅट्रिप्लेक्स व्हेसिकारियाला, सोडियम अजिबात मिळालं नाही तर पानं पिवळी पडतात आणि करपतात. मी हे वाचून टाळी वाजवली : सापडलं!

पण त्या प्रयोगात सोडियम काढून टाकायला त्यांना पाणी आणि क्षार पुन्हा पुन्हा शुद्ध करावे लागले होते. झाडाला लागणारी मात्रा इतकी किरकोळ असते. अॅडलेडच्या नळाला मरे नदीचंही पाणी येतं, त्याला कोरं पाणी म्हणणं धाडसाचं आहे.  मिश्रणात, खतातही सोडियम असतंच. घरातल्या कुंडीत सोडियमच्या उपासमारीनं पिवळं पडणं जवळजवळ अशक्य आहे.

मोकळ्या जमिनीत थोड्या खारेपणात हे झाड खुशीत वाढतं हेही खरं. पण कुंडीत मीठ जायला वाट नसते, ते साचत राहतं, आणि साचलेलं मीठ अधिक साचलेलं पाणी ही जोडी याच्याही मुळांना झेपत नाही. मीठ घालू नका. कुंडीच्या काठावर पांढरी खपली जमली असेल तर उन्हाळ्यात एखाद्या कडक दिवशी कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू ओतून धुऊन काढा. हिवाळ्यात हा उद्योग नको, माती वाळायला महिना जाईल.

भुरी नाही ती

पानांवरची पांढुरकी पूड म्हणजे भुरी, तो बुरशीचा रोग, नव्हे. ती पुसू नका. माझ्या सासूबाई नाशिककडच्या, द्राक्षबागेतल्या. इथं राहायला आल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, भुरी पडलीय याच्यावर, गंधक मार." मी म्हटलं, "आई, याचं रूपच असं आहे." त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांना एक पान तोडून जिभेला लावायला दिलं. खारट! तिथं वाद संपला.

ती पूड म्हणजे पानावरच्या सूक्ष्म फुगेवजा पेशी. झाड जादा मीठ त्यात भरून ठेवतं, त्या फुटून वाळल्या की वर पांढरा थर बसतो आणि तो कडक ऊन परतवतो. ओल्या फडक्यानं पुसलात तर झाडाची छत्री काढून घेतलीत. भुरी असेल तर ती ठिपक्या-डागांनी सुरू होते, पसरत जाते, खालचं पान पिवळं पडतं. हा वर्ख दोन्ही बाजूंनी सारखा असतो. पान हिरवं दिसायला लागलं तर समजा की उजेड कमी पडतोय. माझ्या घरात हाच सगळ्यात लवकरचा इशारा ठरला, पानं पिवळी पडायच्या तीन-चार आठवडे आधी.

खरी फसगत पिठ्या ढेकणाची. पांढऱ्या झाडावर पांढरी कीड, दिसतच नाही. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, हाताला चिकटपणा किंवा ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर तो आहे. कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये बुडवून फक्त त्या पुंजक्यांना लावा. साबणाचं पाणी सगळ्या झाडावर मारू नका, वर्ख जातो.

तिसरा हिवाळा : काय केलं

कुंडी उत्तरेच्या खिडकीला, काचेपासून वीतभर अंतरावर. मध्ये जाळीचा पडदा नाही. शेजारच्या इमारतीमुळं दोननंतर ऊन जातं, म्हणून वर एक पांढरा वाढदिवा, म्हणजे झाडांना उन्हाऐवजी लावतात तो दिवा, लावला, शेंड्यापासून फूटभर, टायमरवर रोज बारा तास. रात्री बंद. हीटरचा झोत त्या खिडकीकडून वळवला. खत नाही, मीठ नाही. पाणी फक्त मी. दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवली. पूर्ण जूनमध्ये गळलेली पानं मोजली : अकरा. तेवढी म्हातारी पानं कुठल्याही झाडाची जातातच, त्यावर धावपळ करायची नाही.

एक उलटा प्रकार लक्षात ठेवा. उत्तरेची खिडकी हिवाळ्यात उत्तम, कारण सूर्य खाली असतो आणि ऊन खोल आत येतं. डिसेंबरात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर, ७८ अंशांवर असतो, आणि छपराची पडवी त्याच खिडकीचं ऊन अडवते. म्हणजे भर उन्हाळ्यात झाड पुन्हा सावलीत. तेव्हा कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत, नाहीतर बाहेर. बाहेर एकदम नको : पहिले दोन दिवस तासभर, मग वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात. घरात तयार झालेली पानं पातळ असतात, थेट टाकलीत तर भाजतात आणि मग तुम्ही म्हणाल ऊन मानवत नाही.

आधीच उघड्या काड्या झालेल्या झाडाला त्या काड्यांवर जुनी पानं परत येणार नाहीत. सप्टेंबर लागला, दिवस वाढला की फांद्या एक तृतीयांश छाटा. छाटणी हे झाड आनंदानं सोसतं, मेंढ्यांनी त्याला तीच सवय लावलीय. महिन्याभरात खालच्या डोळ्यांतून फूट येते, आणि ती पहिल्यापासून रुपेरी असते.

छाटलेल्या कोवळ्या शेंड्यांची, औषध मारलेलं नसेल तर, भजी करा. बेसनात मीठ घालू नका, पान स्वतःचं घेऊन येतं. पालकासारखंच यातही ऑक्सलेट असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी चवीपुरतीच खावीत. राहिलेल्या जाडसर काड्यांचे वीतभर तुकडे ओलसर वाळूत खोचून ठेवले होते. सहापैकी दोन लागल्या. त्यातली एक शेजारणीला दिली, आणि देतानाच सांगितलं की ही घरात घ्यायची नाही.